बाकावरून सांगितलेलं

२२ डिसेंबर २०२५, सोमवार

काल लिहिलेलं चूक आहे. दुसरा गोल योगेंद्रमुळे झाला नाही.

आमचे पाठीराखे दीपकभाऊ यांनी मोबाइलवर काढलेला कालच्या सामन्याचा व्हिडिओ आज मी काम करते त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत पाहिला. तीनदा पाहिला. मध्यंतरानंतर दोन्ही टीम बाजू बदलतात. पहिल्या अर्ध्यात आमचा डावा बॅक, योगेंद्र, मैदानाच्या पलीकडच्या कडेला असतो, दुसऱ्या अर्ध्यात तो आमच्या बाकाजवळ येतो. गोल झाला तेव्हा पलीकडची जागा उजव्या बॅकची, म्हणजे जिनेशची होती आणि ती रिकामी होती. ऊन डोळ्यांवर येत होतं, नंबर दिसत नव्हता, आणि पलीकडे म्हणजे योगेंद्र असं मी पहिल्या अर्ध्याच्या सवयीने धरून बसले. योगेंद्र त्या वेळी आमच्यासमोर वीस पावलांवर, जिथे असायला हवा तिथेच उभा होता.

नुसतं वहीतलं असतं तर खोडलं असतं. पण आप्पांनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, कोण जागेवर नव्हतं, आणि मी म्हणाले होते, योगेंद्र. दोन मिनिटांत त्यांनी त्याला बाहेर घेतलं. तो समोरूनच चालत आला, शर्टाने तोंड पुसून बाकाच्या टोकाला बसला.

माझी जुनी वही काल संपली. नव्या वहीत माणसं पुन्हा लिहून ठेवायची असा माझा नियम आहे, म्हणून लिहिते. आप्पा म्हणजे माझे वडील, प्रेमराज सर, निवृत्त क्रीडाशिक्षक. पिंप्राळा क्रीडा मंडळाच्या फुटबॉल टीमचे बावीस वर्षं कोच. बाकावर मी त्यांच्या डाव्या हाताला बसते आणि मंडळाच्या वहीत सामन्याची नोंद ठेवते. या मोसमात सहा सामने झाले. सहाही हरलो.

संध्याकाळी आप्पांना चूक सांगितली. ते म्हणाले, "दिसतं तेवढंच सांगायचं, हे तुला किती वर्षं शिकवलं?"

सहाव्या वर्षी मला संधिवाताचा ताप आला होता. डॉक्टरांनी धावपळ बंद केली आणि पहिली ते तिसरी मी घरीच शिकले, आप्पांकडे. ते शाळेत जायच्या आधी मला खिडकीत बसवत आणि विचारत, काय दिसतं? मी म्हणे, एक माणूस रागावून चाललाय. ते म्हणत, रागावलाय हे तुला वाटतं, चाललाय हे दिसतं. दोन्ही वेगळं सांग. बाकावरचे त्यांचे प्रश्न मला त्याच शाळेचे वाटतात. अजून परीक्षा घेतात.

मी विचारलं, मंडळाच्या वहीत दुरुस्ती करू का. ते म्हणाले, नको. बदल मी केला, कोचने पोरांसमोर मागे फिरायचं नसतं. तिथे राहू दे.

राहू दिलं. इथे दुरुस्त केलं आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार

दीपकभाऊंच्या नळफिटिंगच्या दुकानात पाठीराख्यांची बैठक. चौदा जण आले. विषय एकच, रांग चालू ठेवायची की नाही.

रांग आप्पांनीच सुरू केली, मी जन्मले त्या सुमारास. सामना संपला की पाठीराखे दोन ओळींत उभे राहतात, टीम मधून चालत जाते, आणि शेवटचा खेळाडू बाहेर पडेपर्यंत टाळ्या थांबत नाहीत. जिंकलो तरी, हरलो तरी. त्यानंतर सुनंदाबाईंच्या डब्यातलं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सुनंदाबाई म्हणजे योगेंद्रची आई, माहेर धुळ्याकडचं.

दीपकभाऊंचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते अगदीच चुकीचं नाही. हरल्यावर टाळ्या वाजवल्या तर जिंकल्यावर काय वाजवायचं? पोरांना वाटतं, काही केलं तरी चालतं. सहा पराभवांनंतर टाळ्या म्हणजे खोटं बोलणं.

सुनंदाबाई भाजी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "हारनात म्हनीसन पोरेसले कोनी उपाशी ठेवस का, दीपक? ज्या दिन गिऱ्हाईक येत नही, त्या दिन तू जेवस ना?"

"काकू, मी दुकान उघडं तरी ठेवतो. इथे दुकानच बंद आहे."

सगळे हसले. सुनंदाबाईपण हसल्या. त्यांच्या मुलाला रविवारी सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं आणि त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की चूक माझी होती. आप्पांनी राहू दे म्हटलं होतं म्हणून गप्प राहिले. हे कारण मला पूर्ण पटत नाही.

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, टाळ्या हे बक्षीस नाही. बक्षीस निकाल बघून देतात. आपण कुणाचे आहोत हे निकाल बघून ठरत नाही. दीपकभाऊ म्हणाले, तू सरांची मुलगी, तू हेच बोलणार. मग आवाज खाली आणून म्हणाले, सर आता रामरामसुद्धा घेत नाहीत. शेजारून दोनदा म्हटलं, ढुंकून बघितलं नाही. हरणाऱ्याने इतकी ऐट ठेवू नये.

आप्पा कधीच ऐटीत वागलेले मी पाहिले नाहीत. विचारात असतील.

रांग मोसम संपेपर्यंत चालू ठेवायची, असं आठ विरुद्ध सहाने ठरलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

भुसावळला सातवा सामना. ०-३.

बसने गेलो. स्कूटर आप्पांनी दिवाळीत विकली, गुडघ्यांना चालणं बरं म्हणून. स्टँडवर आप्पा एका हातगाडीला धडकले. गाडीवाला भांडला, आप्पांनी माफी मागितली.

योगेंद्र पूर्ण वेळ बाकावर. त्याच्या जागी घेतलेला मुलगा घाबरत होता. आप्पा विचारत होते, डावीकडे किती, पलीकडे मोकळं कोण, अभिमन कुठे आहे. अभिमन कॅप्टन आहे. मी सांगत होते. मध्येच लिहायचं राहून जात होतं, म्हणून दुसऱ्या गोलची वेळ अंदाजे टाकली आहे. मंडळाच्या वहीत तसं लिहिलं आहे.

रांगेत नऊ जण. दीपकभाऊ आले होते, हे नोंदवायला हवं. टीमच्या मागून आप्पा चालले तेव्हा दीपकभाऊंनी बाजूने हात पुढे केला. आप्पा तसेच पुढे गेले. दीपकभाऊंचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो खिशात घातला.

घरी आल्यावर मी आप्पांना म्हणाले की तुम्ही हात घेतला नाहीत. ते म्हणाले, "कुणाचा?" मला वाटलं, मुद्दाम म्हणताहेत.

७ जानेवारी, बुधवार

फ्रिजच्या दारात लिंबांच्या मागे डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. आई म्हणाली, आप्पांचे डोळे चुरचुरतात, धुळीने.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सुनंदाबाई आणि योगेंद्र तिळगूळ द्यायला आले. योगेंद्र दाराशीच उभा राहिला. तो विसाचा आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. सुनंदाबाईंनी आडून सांगितलं की आठ फेब्रुवारीला आपला शेवटचा सामना धुळ्याला आहे, तिथे विद्यापीठाच्या संघासाठी मुलं बघायला कुणी येणार आहे. योगेंद्रला खेळवा असं त्या म्हणाल्या नाहीत. हवापाणी सांगावं तसं सांगितलं आणि साडीचा पदर सारखा केला. आप्पा म्हणाले, त्याला सरावाला येत राहू दे.

मग सुनंदाबाईंनी आप्पांच्या डाव्या अंगाने ताटली पुढे केली. आप्पा त्याच वेळी उठले आणि लाडू सगळ्या खोलीभर घरंगळले. आई घाईने म्हणाली, माझंच चुकलं, मी पाट मध्ये ठेवला. पाट भिंतीला टेकून उभा होता. आई असं का म्हणाली कळत नाही. आई खोटं बोलत नाही.

योगेंद्रने वाकून सगळे लाडू गोळा केले. एक सापडत नव्हता, तो पलंगाखालून काढला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

१-१. आठ सामन्यांतला पहिला गुण.

मध्यंतराला आप्पांनी विचारलं, काय करू? हे त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, अभिमन फार पुढे जातो, मागे त्याच्या जागेतून चेंडू येतो. त्याला मागे ठेवा आणि जिनेशला वर जाऊ द्या. आप्पांनी मुलांना तेच सांगितलं, माझ्याच शब्दांत. एकोणसत्तराव्या मिनिटाला जिनेशच्या पासवर गोल झाला.

रांगेत सव्वीस जण. एका गुणाने सतरा माणसं परत आली. दीपकभाऊंनी आज जास्त वेळ व्हिडिओ काढला आहे, उद्या पाठवतील.

१९ जानेवारी, सोमवार

व्हिडिओ आला. अकरा मिनिटांचा. गोल टिपायच्या नादात दीपकभाऊंनी मोबाइल एका बाजूला धरला होता, त्यामुळे मैदानाच्या कोपऱ्यात आमचा बाकही दिसतो. मी आधी गोल पाहिला. मग बाक पाहिला.

आप्पांची मान चेंडूबरोबर फिरते. फक्त चेंडूबरोबर. चेंडू थांबला की मान थांबते. योगेंद्र त्यांच्या डाव्या खांद्यापाशी येऊन उभा राहतो, काहीतरी विचारायला असावा, थोडा वेळ उभा राहतो, परत जातो. आप्पांना तो आल्याचं कळलेलं नाही. तो आल्याचं मलाही कळलं नव्हतं, कारण मी बोलते आहे. मी सारखी बोलते आहे. माझी समजूत अशी होती की सामन्यात आप्पा दहा-बारा प्रश्न विचारतात आणि मी उत्तरं देते. अकरा मिनिटांत माझे ओठ बेचाळीस वेळा हलतात. कितीतरी वेळा त्यांनी विचारलेलंही नाही.

वीस पावलं. एकवीस डिसेंबरला योगेंद्र त्यांच्यासमोर वीस पावलांवर होता, पण चेंडू दुसऱ्या कडेला होता.

आई स्वयंपाकघरात होती. मी दिसतं ते आणि वाटतं ते वेगळं करून सांगितलं. आईने गॅस बंद केला.

"दीड वर्ष झालं. धुळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, पेपर वाचतात. कडेचं गेलं. गेलं ते परत येत नाही, थेंबांनी आहे तेवढं टिकतं."

धुळ्याला ते मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. निदान माझ्या जुन्या वहीत तसं आहे. तेही दुरुस्त करायला हवं.

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तू सगळं लिहून ठेवतेस, मोहिनी. आणि कुणी विचारलं तर सांगतेस."

२१ जानेवारी, बुधवार

लॅबमध्ये आज दोन रिपोर्टवर वय चुकीचं टाइप केलं. छापायच्या आधी सापडलं.

मी हिशेबाने विचार करून पाहिला. चेंडू दिसतो आणि मैदान दिसत नाही अशा माणसाची टीम कडेने गोल खाणार. आठ सामन्यांत आमच्यावर एकोणीस गोल झाले, त्यातले चौदा कडेने आलेल्या चेंडूवर. ही नोंद माझ्याच हातची आहे. मांडायचं सुचलं नव्हतं.

दुसरं असं की मी स्वतःला या टीमची सर्वांत पक्की पाठीराखी समजत होते. पाठीराखा निकालाच्या बाहेर उभा असतो. मी आत होते. माझ्या एका चुकीच्या शब्दाने एक मुलगा महिनाभर बाकावर बसला आहे, आणि मी दुकानात उभी राहून निष्ठेवर बोलले.

२४ जानेवारी, शनिवार

आप्पांबरोबर बाजारात गेले. ते मला डावीकडे ठेवतात. डोळ्यांविषयी मला कळलं आहे, हे सांगितलं. ते चालत राहिले. मेथीची जुडी घेतली, भाव केला, पुढे आल्यावर बोलले.

"दोन सामने राहिलेत. तेवढे होऊ दे."

मी म्हणाले, लोकांना सांगा. दीपकभाऊंना वाटतं तुम्ही ऐट करता. त्यांना कळलं तर ते तुमच्या बाजूने उभे राहतील. सगळेच राहतील.

"म्हणूनच नाही सांगायचं," आप्पा म्हणाले. "हरलो म्हणून काढलं तर कोच म्हणून काढतील. डोळे गेले म्हणून ठेवलं तर कशासाठी ठेवलं?"

"पण तुम्हीच रांग सुरू केली. हार-जीत न बघता."

"ती पोरांसाठी. ती विशीतली असतात, त्यांना उद्या असतो. कोचचं माप निकालानेच घ्यायचं. माझं घेतलं तर मी तक्रार करणार नाही."

मी योगेंद्रचं नाव घेतलं. ते म्हणाले, त्याला मी बसवला. मी म्हणाले, माझ्या सांगण्यावरून. ते म्हणाले, मी विचारलं म्हणून तू सांगितलंस, विचारणाऱ्याची जबाबदारी. मग धुळ्याला त्याला खेळवाल का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की परत घ्यायचं तर कारण द्यावं लागतं. तो जागा सोडतो असं पोरांना सांगून बसवलं आहे. आता कुठलं कारण देऊ?

कारण आम्हा दोघांना माहीत होतं. आम्ही ते रस्त्यात उच्चारलं नाही. घर येईपर्यंत मी त्यांना डावीकडचे खड्डे सांगत होते आणि हे करताना मला वाईट वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवते. वाईट वाटायला हवं होतं का, माहीत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

दीपकभाऊंनी मंडळाची बैठक बोलावली आहे. शनिवारी, ३१ तारखेला, संध्याकाळी सात वाजता, दुकानात. खेळाडू आणि पाठीराखे सगळे. प्रस्ताव असा की शेवटच्या दोन सामन्यांसाठी भुसावळचा एक कोच घ्यायचा आणि सरांना सन्मानाने मोकळं करायचं. त्यांनी फोनवर नीट सांगितलं, वाकडं काही बोलले नाहीत.

शेवटी म्हणाले, "मंडळाची वही घेऊन ये. सामना सामना वाचून दाखव. लोक माझं ऐकणार नाहीत, मला सरांचा राग आहे म्हणतील. तुझं ऐकतील. तू खोटं लिहीत नाहीस हे सगळ्यांना माहीत आहे."

मी हो म्हणाले.

आप्पांना बैठकीचं कळवलं. ते म्हणाले, जा, वाच. अक्षर स्पष्ट आहे तुझं.

२८ जानेवारी, बुधवार

मंडळाची वही काढून वाचली. एकवीस डिसेंबरचं पान: 'दुसरा गोल. योगेंद्रने जागा सोडली. बासष्टाव्या मिनिटाला बदली.' निळ्या शाईत, स्पष्ट अक्षरात. हे मी शनिवारी योगेंद्रसमोर आणि सुनंदाबाईंसमोर वाचणार.

वाचताना हे पान गाळता येईल. कुणाला कळणार नाही. किंवा नुसतं नाव बदलून जिनेशचं लिहिता येईल. मग कुणीतरी विचारेल, जागा जिनेशने सोडली तर सरांनी योगेंद्रला का काढलं? त्याला एकच उत्तर आहे. मोहिनीने चुकीचं सांगितलं. त्यावर दीपकभाऊ विचारतील, तो समोर वीस पावलांवर असताना सरांना मोहिनीने सांगायला कशाला हवं होतं? दीपकभाऊ हुशार आहेत. ते माझ्याकडे बघतील आणि त्यांना रामराम आठवेल, हात आठवेल. डोळ्यांविषयी एक शब्द न बोलता मी सगळं सांगितलेलं असेल.

म्हणजे फक्त माझी चूक सांगायची आणि आप्पांचं गुपित राखायचं, असा रस्ता नाही. दोन दिवस शोधला.

आप्पांना त्यांच्या इच्छेप्रमाणे हरलेला कोच म्हणून जाऊ द्यायचं तर योगेंद्र जागा सोडणारा म्हणून राहतो, आणि धुळ्याला बाकावर बसतो. नवा कोचसुद्धा वहीच वाचणार. आप्पांना साठ वर्षं झाली, त्यांनी निवड केली आहे. योगेंद्रला कुणी विचारलेलं नाही.

हार-जीत न बघता माणसाच्या पाठीशी उभं राहायचं, हे मी अजून मानते. पण त्याच्यासाठी दुसऱ्याच्या नावावर हार लिहायची, हे त्यात बसत नाही. हे मी आप्पांना नीट समजावू शकेन असं वाटत नाही. ते दुखावतील. कदाचित पुढच्या सामन्याला मला शेजारी बसू देणार नाहीत, आणि मग त्यांना कोण सांगणार. हा विचार आला की हात थांबतो. पुन्हा लिहिते.

आज मंडळाच्या वहीत त्या ओळीवर एक रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी, पूर्ण खोडलं नाही. बाजूला लिहिलं: 'योगेंद्र जागेवर होता. जागा जिनेशची रिकामी होती. नाव बाकावरून मी चुकीचं सांगितलं आणि त्यावरून बदली झाली.' खाली सही आणि आजची तारीख.

हे बैठकीत वाचायच्या आधी आप्पांनी ऐकायला हवं. उद्या गुरुवारी लॅबला लवकर जायचं आहे आणि घाईत मी दिसतं ते आणि वाटतं ते यांची सरमिसळ करते. शनिवारी सांगितलं तर त्यांना विचार करायला वेळ उरत नाही. एक पूर्ण दिवस त्यांच्या हातात असला तर ते स्वतः दुकानात येऊन बोलू शकतील, किंवा येणार नाहीत, ते त्यांनी ठरवावं. वाचायचं की नाही हे मात्र आता त्यांच्याकडे नाही.

म्हणून शुक्रवार, ३० जानेवारी. सकाळी साडेसहा वाजता, ते फिरून आल्यावर, त्यांच्या समोर बसून.